आजोबांचा बीपी उभे करून मोजा

यंदाच्या पंधरा ऑगस्टला पावसाने उघडीप दिली होती आणि मैदानावर चांगलेच ऊन पडले होते. भाषणे लांबली. सातवीच्या रांगेतला एक मुलगा हळूहळू पांढरा पडला आणि खाली बसता बसता कोसळला. गुरुजींनी त्याला ओट्यावर आडवे केले, पाय दप्तरांच्या ढिगावर ठेवले. दोन मिनिटांत त्याने डोळे उघडले आणि पुढच्या दहा मिनिटांत लाडूच्या रांगेत सर्वांत पुढे उभा होता. आम्ही सगळे हसलो. तोही हसला.

त्याच महिन्यात आपल्या एका विद्यार्थिनीचे आजोबा पहाटे लघवीला म्हणून उठले आणि पडवीत पडले. त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. घरी त्या वेळी आजी आणि ही नातच होती. वडील गोव्यात कामाला, आई भावाच्या बाळंतघरी गेलेली. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून ती मुलगी अंधारात टेकाडावर चढली. शाळेत ती अकरा दिवस आली नाही. आली तेव्हा आम्ही विचारले, तर म्हणाली, "आजोबा घसरून पडले." पडवी कोरडी होती हे तिनेच नंतर सांगितले.

हे दोन प्रसंग आम्ही मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. माणूस उभा राहिला की रक्त खाली उतरते आणि ते मेंदूपर्यंत चढवण्यात शरीर कमी पडले की माणूस पडतो. मुलगा बारा वर्षांचा, त्याला गवतावर पडून काही झाले नाही. आजोबा बाहत्तर वर्षांचे आणि सोळा वर्षांपासून मधुमेही. त्यांना शस्त्रक्रिया करावी लागली आणि अजून ते काठीशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत.

आपल्याकडे म्हातारे माणूस पडले की दोनच कारणे सांगितली जातात. एक, पाय घसरला. दुसरे, वय झाले. पहिले पुष्कळदा खरे असते, कारण पावसाळ्यात आपल्या वाड्यांतल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि त्यावरून तरणाही घसरतो. पण दुसरे कारण आम्हाला मान्य नाही. वय होणे हा काही आजार नव्हे. वय झालेल्या प्रत्येकाने पडलेच पाहिजे असेही नाही. मधुमेही म्हाताऱ्यांच्या पडण्यामागे एक कारण असे असते की जे मोजता येते, ज्यावर उपाय करता येतो, आणि तरीही जे बहुतेक घरांत कोणाला ठाऊक नसते. म्हणून या अंकात त्यावर लिहितो आहोत. शाळेच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काही पालकांना वाटेल. त्याचे उत्तर पुढे येईलच.

विद्यार्थी मित्रांनो, आधी हे समजून घ्या. आपण झोपलेले असतो तेव्हा डोके, हृदय आणि पाय एका पातळीत असतात आणि हृदयाला फारसे कष्ट पडत नाहीत. उभे राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरते. हे आपल्याला कळतही नाही, कारण मानेतल्या धमनीत आणि हृदयालगतच्या महाधमनीत रक्ताचा ताण ओळखणाऱ्या नाजूक जागा असतात. ताण उतरला की त्या मज्जातंतूंवाटे मेंदूच्या तळाला बातमी देतात. तिथून उलट हुकूम सुटतो. हृदय जलद चालू लागते, पायांच्या व पोटाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि काही सेकंदांत सारे ठीक होते. उतारावरच्या सुपारीच्या बागेत ज्यांनी पाणी चढवले आहे त्यांना हे लगेच कळेल. पाणी वर न्यायचे तर पंपाचा जोर वाढवावा लागतो आणि खालच्या बाजूचे पाइप घट्ट ठेवावे लागतात. जिराफाचे डोके हृदयापासून किती उंच असते ते चित्रात पाहा. त्याचा रक्तदाब माणसाच्या साधारण दुप्पट असतो आणि पायांची कातडी इतकी घट्ट असते की रक्त खाली साचत नाही. आपल्याला तशी कातडी मिळालेली नाही, आपले काम मज्जातंतूंवर चालते.

मधुमेह नेमका याच मज्जातंतूंना खातो. पुष्कळ वर्षे रक्तातली साखर जास्त राहिली की तळपायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, हे आपल्या घरांत सर्वांना माहीत आहे. पण तळपायाला जाणाऱ्या तंतूंसारखेच हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जाणारे तंतूही झिजतात. मग आजोबा उठतात, रक्त खाली उतरते, बातमी पोचत नाही किंवा हुकूम सुटत नाही. रक्तदाब खाली जातो आणि नाडी मात्र जवळजवळ तशीच राहते. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथे डॉ. डेव्हिड युइंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून मधुमेहींच्या या बिघाडाच्या साध्या चाचण्या बसवल्या. त्यातली एक फार सुरेख आहे. निरोगी माणूस उभा राहिला की साधारण पंधराव्या ठोक्याच्या सुमारास हृदय सर्वांत जलद असते आणि तिसाव्या ठोक्याच्या सुमारास पुन्हा संथ होते. तंतू झिजलेल्या मधुमेहीत हा चढउतार दिसत नाही. दहावीच्या मुलांनी एकमेकांची नाडी धरून पाहायला हरकत नाही. बोटांनी इतके बारीक मोजता येत नाही, पण उभे राहताच ठोके वाढतात एवढे नक्की कळते.

डॉक्टर लोकांनी याचे माप ठरवलेले आहे. झोपलेला माणूस उभा राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा अधिक, अथवा खालचा १० किंवा अधिक उतरला, तर तो बिघाड समजायचा. या दुखण्याचे पहिले नीट वर्णन ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९२५ साली तीन रोग्यांवरून केले. म्हणजे गोष्ट शंभर वर्षांची जुनी आहे. ती शोधायला मोठे यंत्र लागत नाही. हाताला पट्टा बांधायचा बीपीचा साधा डबा आणि एक घड्याळ एवढे पुरते.

आणि इथेच आमची तक्रार आहे. आपल्याकडे रक्तदाब मोजतात तो खुर्चीवर बसवून, एकदाच. शिबिरात रांग लागलेली असते. माणूस बसतो, बाही वर करतो, आकडा लिहिला जातो, पुढचा येतो. वर सांगितलेल्या आजोबांचा बीपी पडण्याच्या तीन आठवडे आधी एका शिबिरात तपासला होता. कार्डावर "ठीक" असे लिहिले होते आणि ते खरेही होते, कारण बसल्यावर तो ठीकच होता. हाड मोडून भरती झाल्यावर, शस्त्रक्रियेनंतर त्यांना उभे करायची वेळ आली तेव्हा एका नर्सबाईंनी आडवे असताना आणि उभे करून असा दोन्ही वेळा मोजला. आडवे असताना १५२ आणि उभे राहिल्यावर ११०. इतक्या दिवसांचे औषधपाणी, इतकी कार्डे, आणि हा आकडा पहिल्यांदा लिहिला गेला तो हाड मोडल्यावर. शस्त्रक्रिया आणि अंथरुणात पडून राहण्यानेही रक्तदाब उतरतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आजीने त्याच वेळी सांगितले की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते असे ते वर्षभर म्हणत होते. कोणी विचारले नाही म्हणून डॉक्टरांना सांगितले नाही.

शिबिरात काम करणाऱ्यांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. त्या दिवशी त्यांनी दीडशे माणसे तपासली. एकेकाला पाच मिनिटे आडवे झोपवायचे तर रांग संध्याकाळपर्यंत संपणार नाही. पण निदान ज्यांना मधुमेह आहे आणि वय साठीच्या पुढे आहे, त्यांना तरी उभे करून एक आकडा घ्यावा, ही मागणी काही अवास्तव नाही. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेच्या मार्गदर्शक नियमांतही मधुमेह्याच्या पहिल्या तपासणीत उभे करून रक्तदाब घ्यावा असे सांगितले आहे. शिबिरवाल्यांना जमत नसेल तर आपण घरी घेऊ.

मधुमेह म्हणजे शहरातल्या जाड माणसांचे दुखणे, असा समज अजून आपल्या भागात आहे. तोही सोडून द्यावा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सर्व राज्यांत गोवा सर्वांत वर, शंभरात २६. गोवा आपल्याला काही दूर नाही. आपली निम्मी मुले तिथे कामाला आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो वैद्यकात प्रसिद्ध आहे. ते आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. आपला माणूस दिसायला काटकुळा असला तरी आत चरबी असते आणि मधुमेह त्याला सोडत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांच्या चमूने आयांचा आणि मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यातही मुले जन्मतःच बारीक पण चरबीने भरलेली आढळली. आपले ते आजोबाही पंचावन्न किलोंच्या पुढे कधी गेले नाहीत.

आता पडण्याच्या वेळा पाहा. पहाटे आणि रात्री लघवीला उठताना. मधुमेह्याला रात्री तीनचार वेळा उठावे लागते, झोपेतून उठतो, लघवी करताना रक्तदाब आणखी उतरतो, आणि आपल्या कित्येक घरांत संडास मागच्या अंगणात आहे. दुसरी वेळ न्हाणीतली. चुलीवरच्या हंड्यातले कढत पाणी अंगावर घेतले की रक्तवाहिन्या सैल होतात आणि पाटावरून उठताना तोल जातो. तिसरी जेवणानंतरची. भरपेट भात झाला की रक्त पोटाकडे धावते, म्हणून जेवून लगेच उठणाऱ्याला अंधारी येते. चौथी उपासाची. आषाढी एकादशीला आजी पाणीही बेताने पितात, गोळ्या मात्र रोजच्याच घेतात, मग साखर आणि रक्तदाब दोन्ही एकदम खाली येतात. हगवण लागली असता तसेच. चटईवर किंवा हातरीवर जमिनीवर झोपणाऱ्याला तर एका झटक्यात पूर्ण उभे व्हावे लागते, खाटेवरच्याला निदान मध्ये बसता येते.

औषधांचाही हात असतो आणि इथे आम्हाला फार जपून लिहायला हवे. लघवीची गोळी, प्रोस्टेटसाठी रात्री घ्यायची गोळी, पायांच्या जळजळीसाठी दिलेली झोप आणणारी गोळी, लघवीवाटे साखर काढणारी मधुमेहाची नवी गोळी, या सर्वांनी उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो. दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्याला एकाची गोळी दुसऱ्याला माहीत नसते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते आणि त्यानेही तंतू झिजतात, विशेषतः शाकाहारी माणसांत. हे तपासून घेता येते.

पण हा लेख वाचून कोणी बीपीची गोळी बंद केली तर आम्ही अपराधी ठरू. आमच्या संपादक मंडळातल्या एका बाईंचा हा लेख छापायलाच विरोध होता तो याच भीतीने. त्यांचे म्हणणे असे की आपली माणसे गोळी सोडायला निमित्तच शोधत असतात. भीती रास्त आहे. म्हणून स्पष्ट सांगतो. वाढलेल्या रक्तदाबावर नीट उपचार केल्याने उभे राहताना रक्तदाब घसरण्याचा धोका एकंदरीत वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो, असे गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. गोळी सोडली आणि पक्षाघात झाला तर त्यानेही माणूस पडतोच. कोणती गोळी बदलायची, कोणती वेळ बदलायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे. आपण त्यांच्यापुढे आकडे ठेवायचे आणि सर्व गोळ्यांची पिशवी ठेवायची. साखर फार कडक ठेवावी का, हेही विचारावे. दुबळ्या वृद्धांत तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा तरुणांइतका खाली आणण्याचा हट्ट डॉक्टर आता धरत नाहीत, कारण साखर एकाएकी उतरूनही माणसे पडतात.

साखर उतरली की रक्तदाब, हे घरच्या माणसाने कसे ओळखावे? साखर उतरली तर घाम सुटतो, हात थरथरतात, भूक लागते, बोलणे बरळल्यासारखे होते आणि आडवे झाल्याने बरे वाटत नाही. रक्तदाब उतरला तर उभे राहिल्यावर अंधारी येते, पाय लटपटतात, कधी मान आणि खांदे भरून येतात, आणि आडवे केले की उतार पडतो. शंका असेल तर आडवे करा, पाय उशीवर घ्या, आणि शुद्ध असेल तरच साखरपाणी द्या. शुद्ध नसताना तोंडात काहीही ओतू नका. पडल्यावर एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर ओढून उभे करू नका, १०८ ला फोन करा. आणि लक्षात ठेवा, पुष्कळ म्हाताऱ्यांना अंधारी येतच नाही. रक्तदाब चाळीसने उतरतो आणि माणूस म्हणतो, मला काही होत नाही. म्हणूनच मोजायचे.

मोजायची रीत अशी. सकाळी, चहाच्या आधी, आजोबांना पाच मिनिटे आडवे पडू द्या. झोपलेल्या स्थितीत बीपी घ्या. मग त्यांना उभे करा, शेजारी दुसऱ्या माणसाने धरायला उभे राहावे, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. हात छातीच्या पातळीत टेकवलेला असावा, लोंबता हात आकडा चुकवतो. नाडीही लिहा. मध्येच गरगरले तर मोजणे सोडून खाली बसवा. तिन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहा.

घरगुती उपाय साधे आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. उठण्यापूर्वी पडल्या पडल्या पावले वरखाली दहावीस वेळा हलवायची, मग बसायचे, मिनिटभराने भिंत धरून उभे राहायचे, आणि उभे राहून लगेच चालू लागायचे नाही. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा. उठण्याआधी दोन भांडी पाणी भरभर प्यायले तर काही मिनिटांत रक्तदाब वर येतो, मात्र ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी पाणी मोजून सांगितले आहे त्यांनी हे करू नये. मिठाचेही तसेच. पूर्वी सकाळी मीठ घालून पेज पीत ते बरे होते, असे काही आजी सांगतात. पाणी आणि मीठ या दृष्टीने त्यात तथ्य आहे, पण भाताची पेज मधुमेह्याची साखर झपाट्याने चढवते आणि या माणसांपैकी काहींचा रक्तदाब आडवे असताना उलट जास्त असतो, तेव्हा मीठ डॉक्टरांना विचारूनच. रात्री लघवी बसून करावी, पुरुषांनीसुद्धा. हे सांगायला घरच्यांना संकोच वाटतो म्हणून आम्ही छापून टाकतो.

आता शाळेचा संबंध. आपल्या वाड्यांतल्या मधल्या पिढीची पुष्कळ माणसे गोव्यात, बेळगावात, हुबळीत, पुण्यात आहेत. घरी आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी मुले. आजोबा पहाटे उठतात तेव्हा जे माणूस शेजारी असते, ते आपल्या सहावी-सातवीतले असते. ही जबाबदारी मुलांवर टाकावी असे आमचे म्हणणे नाही, ती त्यांच्यावर आधीच पडलेली आहे. ती पेलायला त्यांना शिकवणे एवढेच आपल्या हातात आहे. नववीच्या मुलांना बीपीचा डबा वापरायला एका तासात शिकवता येते. रक्ताभिसरणाचा धडा अभ्यासक्रमात आहेच, फक्त तो फळ्यावर संपतो.

विश्वस्त मंडळींना आमचे दोन मागणे आहे. शाळेसाठी हाताच्या पट्ट्याचे बीपीचे दोन डबे घ्यावेत, ते वाडीवार फिरते राहावेत आणि वर्षातून एकदा दवाखान्यातल्या डब्याशी ताडून पाहावेत. दुसरे म्हणजे सभागृहाच्या पाच पायऱ्यांना कठडा बसवावा. स्नेहसंमेलनाला येणाऱ्या आजी-आजोबांना तासभर बसवून ठेवायचे आणि मग राष्ट्रगीताला एकदम उभे करून त्याच पायऱ्यांवरून उतरवायचे, हे आपण दरवर्षी करतो. कठड्याचा विषय मागेही एकदा बैठकीत निघाला होता आणि पुढच्या वर्षावर गेला होता. आशा कार्यकर्त्या तीस वर्षांवरील माणसांची नोंद घेऊन त्यांना बीपी आणि साखर तपासणीसाठी पाठवतात, त्यांना शाळेत बोलावून मुलांशी गाठ घालून द्यावी, हेही जमण्यासारखे आहे.

त्या विद्यार्थिनीच्या घरी आम्ही दिवाळीनंतर जाऊन आलो. आजोबांची रात्रीची एक गोळी डॉक्टरांनी बदलली आहे. हातरी जाऊन खाट आली आहे, पडवीत रात्रभर छोटा दिवा असतो आणि भिंतीला खिळ्यावर वही टांगलेली आहे. त्यात नातीच्या अक्षरात रोजचे तीन आकडे आहेत. शेवटची नोंद १४६, १२४, १२८ अशी होती. आजोबा म्हणाले, "ही मला तीन मिनिटे उभा करून ठेवते, शाळेत गुरुजी करायचे तसा." वहीची पाने संपत आली होती, म्हणून येताना आम्ही तिला शाळेतली एक कोरी वही दिली.